वन्संबरोबर होडीत आठवडा

आणि वर मलाच म्हणतात, "वहिनी, जरा मोकळी हो, आपण सुट्टीवर आहोत." मोकळी कशी होऊ, तुम्हीच सांगा. खोली एवढीशी, की एकीला कूस बदलायची तर दुसरीनं उठून बाहेर जायला हवं, डोक्याशी पाणी थपथप करतंय, संडासात गेलं की आधी हातपंप मारमारून दंड भरून येतात आणि मग कशाला आलो होतो तेच आठवत नाही, आणि शेजारी आमच्या वन्सं, फिलोमेना, माझ्या नवऱ्याची सख्खी बहीण, अशा घोरताहेत की आजूबाजूच्या होड्यांनी नांगर उचलून लांब जावं... ह्याला म्हणायचं सुट्टी.

तुम्हाला सांगते, मी कोर्चुला बेटावरची. लुंबार्डा गावात घर. समुद्र बघायला मला कुठं जावं लागत नाही, हिवाळ्यात तोच येतो पायरीपर्यंत मला बघायला. मी लग्न होऊन ह्या घरात आले आणि त्याच वर्षी वन्सं आगबोटीत बसून ऑस्ट्रेलियाला गेल्या. म्हणजे मी दारातून आत, त्या दारातून बाहेर. तिकडं लग्न केलं, माशांचं दुकान काढलं, नातवंडं झाली. दर नाताळाला फोन. "आई कशी आहे गं?" बरी आहे. "माझी आठवण काढते?" काढते की. झाला फोन. आणि इकडं आईचं कोण करत होतं? सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं... जाऊ दे. मी काही बोलणारी बाई नाही.

तर ह्या सप्टेंबरात वन्सं उगवल्या. नवरा गेला त्यांचा, माझाही गेलेला. म्हणाल्या, "वहिनी, मी शिडाची होडी ठरवलीय, आठवडाभर. स्प्लिटहून निघायचं, ह्वार, व्हीस, आपलं कोर्चुला, म्ल्येत, आणि शेवटी दुब्रॉव्हनिक. तू आणि मी." मी म्हटलं, वन्सं, द्राक्षं वेलीवर आहेत, कोंबड्या कोण बघणार? तर म्हणतात, "मी गेले ना, तेव्हा कठड्याला धरून रडत होते. ही सगळी बेटं एकेक करून समोरून गेली आणि मला एकही दिसलं नाही. आता नीट बघायचीत." कोंबड्या शेजारच्या तोमिस्लावच्या गळ्यात मारल्या आणि निघाले.

पहिलं स्प्लिट. तिथं कुठल्याशा बादशहाचा राजवाडा, आणि त्याच्यात लोक अजून राहतात. वन्सं मान वर करकरून खांब बघताहेत, आणि मला दिसली वर खिडकीत कपडे वाळत घालणारी बाई. म्हटलं, बाई गं, वाळतात का इथं? ती म्हणाली, "कुठले, दोन दिवस लागतात." लागल्या आमच्या गप्पा. वन्सं म्हणतात, "वहिनी, सतराशे वर्षांच्या भिंती आहेत ह्या." म्हटलं, म्हणूनच ओल धरलीय.

होडी चालवणारा लोव्रे नावाचा माणूस, दाढीवाला, गोड बोलणारा. पण त्याचं सारखं, "काकू, उजवीकडे सरका. काकू, डावीकडे सरका. काकू, डोकं खाली, शीड फिरतंय." अहो, मी घरात स्वयंपाक करताना एवढी हलत नाही. ह्वारला मला किल्ला चढायला लावला. व्हीसला जायच्या वाटेवर माझ्या पोटातलं सगळं समुद्राला गेलं, आणि वन्सं? वन्सं सुकाणूला उभ्या, डोक्यावर लोव्रेची टोपी, आणि ओरडताहेत, "वहिनी, क्षितिजाकडे बघ, बरं वाटेल." बघितलं. तेही हलत होतं. ह्याला म्हणायचं सुट्टी.

आणि पुढं ऐका. तिसऱ्या का चौथ्या दिवशी नांगर टाकला कुठं? माझ्या घरासमोर. माझी हिरवी खिडकी, माझी अंजिरं वाळताहेत, आणि हा लोव्रे मला सांगतोय, "काकू, हे गाव अगदी जुन्या वळणाचं आहे, माणसं फार प्रेमळ. जेवणाच्या वेळेपर्यंत फिरून या." माझ्याच गावात मी फिरून येऊ? उतरले. तोमिस्लाव दारात. मला आपादमस्तक बघतो आणि विचारतो, "काय व्हिंका, मुक्काम आहे की लगेच निघणार?" कोंबड्यांना पाणी घातलं, अंगण झाडलं, आणि पाहुणी म्हणून परत होडीत चढले. वन्सं मात्र मागच्या खोलीत, सासूबाईंच्या, उभ्या राहिल्या होत्या बराच वेळ. बाहेर आल्या त्या थेट होडीकडे. काय झालं म्हणून मी विचारलं नाही. का विचारावं? मला कुणी काही विचारतं?

म्ल्येतला बेटावर तळं. तळ्यात बेट. त्या बेटावर मठ. म्हटलं, लोव्रे, मठात पुन्हा तळं असलं तर आत्ताच सांग, मी इथंच बसते.

मग जुगो सुटला. दक्षिणेचा तो दमट वारा. आमच्याकडे जुगो असला की शहाणी माणसं घरात बसतात, कारण बाहेर पडलं की भांडण होतं. आम्ही बसलो का? आम्ही दुब्रॉव्हनिकच्या तटावर चढलो. वाट एवढी अरुंद की एका मागं एक चालायचं, मागं पन्नास परदेशी, खाली लाल कौलं, डोकं ठणकतंय, आणि वन्सं मध्येच थांबून म्हणतात, "आईला हे एकदा बघायचं होतं. कुणी आणलंच नाही बिचारीला."

कुणी.

तुम्हाला सांगते, माझं डोकं जे फिरलं... म्हटलं, कुणी म्हणजे कोण गं? जन्मात पहिल्यांदा वन्संना अगं म्हटलं. म्हटलं, मी तिला खांद्यावर घालून आणायला हवं होतं का? तिची पाठ रोज मी चोळत होते. तिचे केस मी विंचरत होते. आणि तू विचारायचीस, माझी आठवण काढते का. काढत होती. ऐकायचंय कशी? शेवटची दोन वर्षं ती मला फिलोमेना म्हणायची. भरवायचे मी, आणि म्हणायची, फिलोमेना, किती गोड झालंय. धुवायचे मी, आणि फिलोमेना, तुझा हात किती हलका. ह्या घरात व्हिंका नावाची कुणी बाई आहे हेच ती विसरली. घे तुझी आठवण.

मागचे पन्नास लोक थांबलेले. एकानं तर फोटो काढला, त्याला वाटलं असेल काही पारंपरिक आहे.

वन्सं खालीच बसल्या, दगडावर. म्हणाल्या, "आणि तू ओ द्यायचीस?"

"मग काय करणार? पाणी मागायची. होय आई म्हणायचं आणि द्यायचं."

"चिडायची नाहीस?"

"रोज."

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"नाताळाचं काय सांगायचं असलं?"

मग त्या रडल्या. टोपीत तोंड खुपसून. मी उभी होते, पण गुडघे दुखायला लागले म्हणून शेजारी बसले, उगाच गैरसमज नको. मागचे लोक आमच्या पायांवरून ओलांडून जात होते. वन्सं म्हणाल्या, "बघ गं व्हिंका, समुद्र काय सुंदर दिसतोय." म्हटलं, दिसतोय. आणि खरंच दिसत होता, खोटं कशाला बोलू.

वाटलं, संपलं. आता ह्या विमानात बसतील, मी माझ्या घरी. कसलं काय. म्हणाल्या, "मी नाही जात एवढ्यात. ऑलिव्हची तोडणी होईपर्यंत थांबते. ह्या वर्षी सगळं मी करणार, तू नुसती बसून राहा." मी नको म्हटलं. लाख वेळा म्हटलं. ऐकतील तर त्या वन्सं कसल्या? पहिल्याच दिवशी शिडी लावली, टोपली गळ्यात अडकवली, एक फांदी नीट ओरबाडली असेल नसेल, शिडी एकीकडे, वन्सं दुसरीकडे. डॉक्टर म्हणाले, मोडलं काही नाही, पण कंबर धरलीय, वसंतापर्यंत उठायचं नाही.

आता पडल्यात मागच्या खोलीत, त्याच पलंगावर. उठवते मी, बसवते मी, भरवते मी. ऑलिव्हही मीच काढली. बदल एवढाच झालाय, की आता हाक बरोबर माझ्या नावानं येते... दर पाच मिनिटांनी.