नेपाळला पाठवलेली सासू

तुमी हासान, पण मी माह्या सासूले खोक्यात भरून नेपाळले पाठवलं आहे.

तिकडं भूकंपात लेकरायची घरं पडली होती. आमच्या शहापूरच्या महिला मंडळानं ठरवलं, त्यायच्यासाठी कापडाच्या बाहुल्या शिवून पाठवाच्या. मीबी बसली शिवाले. पण तोंड काढता काढता हात असा वळला का चढलेल्या भिवया, आवळलेले ओठ अन् नाक वर! साऱ्या बाया खो-खो हासल्या, "हे तर तुही सासू होय वं!"

तेवढ्यात सासूच, म्हंजे आमच्या आत्या, दारात. आत्यानं बाहुली उचलली अन् उलटीपालटी करून पाहिली.

"हे लुगडं माहं होय ना?"

"फाटलेलं होतं, आत्या."

"अन् हे तोंड?"

सारं मंडळ खाली मान घालून सुईत दोरा ओवून राह्यलं.

आत्या बसल्या, सुई घेतली अन् भराभर दुसरी बाहुली शिवली. मोठाले डोळे, हासरं तोंड, माह्यासारखा अंबाडा. म्या म्हटलं, "सुंदर झाली जी! पण कान राह्यले."

"राह्यले नाही. हे माही सून होय. तिले कान देऊन काय फायदा?"

दोघीयले एकाच खोक्यात टाकलं. मी झाकण लावत होती, तर आत्या म्हणतात, "मंधात पेपर टाक वं. त्या लेकरायनं एक भूकंप पाह्यला, तेवढा पुरे."