निबंधातली आजी

अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या दवाखान्यात निवृत्त शिक्षिका लोरेनबाई नंबरची वाट पाहत होत्या. शेजारच्या आजी-नातीचं बोलणं कानावर पडत होतं.

"कॅनडाच्या विद्यापीठाचा अर्ज भरलास का गं?"

"भरतेय. पण निबंध जोडायला जागाच नाही, आजी."

"कुठला निबंध?"

"आपल्या अमेरिकन कॉलेजांना अर्जासोबत लागतो म्हणून लिहिलेला. तू गेल्यावर मी कशी सावरले, त्याचा."

"अगं भवाने, मी तुझ्यासमोर बसलेय!"

"निबंधात नाहीस. आमच्या वर्गाच्या बाई रडल्या वाचून."

"मग कॅनडावाल्यांनाही रडव."

"ते नुसते मार्क बघतात."

"गणितात किती?"

"एकसष्ट. शेवटची परीक्षा राहिलीय अजून."

"म्हणजे मी फुकटच मेले! काढ वही. शेजारी भूत बसलंय, बघू कशी सुटत नाहीत गणितं."

लोरेनबाईंनी पर्समधली पेन्सिल गुपचूप पुढे केली.