दोन्हीकडे लाल

विद्यार्थिनी : गाळाच्या अकरा नळ्या, बावीस टोपणं. वरच्या टोकाला लाल, खालच्या टोकाला निळं. म्हणजे लाल अकरा हवीत. बारा आहेत, सर.

सर : उद्या संग्रहालयात आपलं दालन उघडतंय आणि तू टोपणं मोजत बसलीयस?

विद्यार्थिनी : सातव्या नळीला दोन्हीकडे लाल आहे.

सर : अगं, तळ्यातून गाळ काढताना मला बोट लागली होती. ओकत होतो. हाताला आलं ते लावलं.

विद्यार्थिनी : मग वरचं टोक कुठलं, ते कसं ठरवलंत?

सर : लक्षात होतं की!

विद्यार्थिनी : ओकताना?

सर : जास्त बोलू नकोस.

विद्यार्थिनी : सर, राजधानी जळाल्याची राख आणि दुष्काळाची धूळ, दोन्ही याच नळीत आहेत. धूळ खाली, राख वर. म्हणून आपण म्हणतो, आधी दुष्काळ. नळी उलटी धरली असेल तर...

सर : तर माझी सात वर्षं पाण्यात! भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलंय, ‘पाऊस गेला, मग साम्राज्य गेलं.’

विद्यार्थिनी : दर वर्षीच्या थरात जाड कण आधी तळाशी बसतात, बारीक नंतर. भिंगातून बघा. इथे जाड वर आहेत.

सर : सरक. ...डोक्याला ताप आहेस तू.

विद्यार्थिनी : हो, सर.

सर : लोक काय म्हणतील, कळतंय? ‘बघा, दुष्काळाने काही होत नाही.’ आधीच दुष्काळाबद्दल आपलं कोण ऐकतंय!

विद्यार्थिनी : पण राजधानी जळाल्यावर तिथल्या लोकांनी राखेवरच पुन्हा घरं बांधली होती. खोदकामात सापडलीत. ती घरं का सोडली, हे या धुळीला विचारता येईल.

सर : एवढं सगळं भिंतीवर मावणार आहे का?

विद्यार्थिनी : रंगाऱ्याला फोन लावू?

सर : थांब. राखेपासून धुळीपर्यंत थर मोज. वर्षाला एक.

विद्यार्थिनी : मोजलेत. दोनदा.

सर : आकडा सांगू नकोस! मी मोजतो. तो दिवा इकडे कर. आणि श्वास सोडू नकोस माझ्या मानेवर.

(सर भिंगातून एकेक थर मोजतात.)

विद्यार्थिनी : सर?

सर : राख खाली. धूळ वर. मध्ये एकोणचाळीस.

विद्यार्थिनी : एकोणचाळीस.