सटवाजी पास्टरची चौकशी

न्हाई, न्हाई, न्हाई — बाटवलं-बिटवलं कुणाला न्हाई, साहेब, एकाला बी न्हाई, घ्या लिहून तुमच्या त्या फायलीत. पण बसा आधी. त्या पिंपावर नका, पातळ पत्र्याचं हाय, चेपंल — हां, हितं, स्टुलावर. तुमाला मी एसटीतून उतरतानाच वळखलं. पांढरा सदरा, खिशाला पेन, बगलेत फाईल, अन् आश्रमात सरळ जायचं सोडून समोरच्या भांड्याच्या दुकानात शिरायचं — चौकशीचा माणूस दुसरा कसा असतो? परवापासून मुखेडात हीच हवा हाय, सटवाजी पास्टरच्या नावानं वर तकरार गेली, चौकशी येणार. तकरार केली कुणी? मल्लिनाथनं. आता हे मल्लिनाथराव कोण, तर आश्रमातल्या एका म्हातारीचे भाचे. मावशीला तिकीट काढून एसटीत बसवून दिली, सोबत कुणी न्हाई, पत्ता न्हाई — तवा धर्म आठवला न्हाई, आता आठवला! मावशी बाटली म्हणून बोंबलतंय. मावशी तिथं मस्त मांडी घालून शेंगदाणे फोडतीय, गळ्यातलं लिंग जागच्या जागी. जाऊन बघा.

मी गुरुबसप्पा. दुकान बापापासूनचं. मी बी लिंगायत, कपाळाला इभूत दिसतीच तुमाला — तवा माझी साक्ष चालंल का न्हाई? चालंल. पास्टर आत्ता न्हाईत, लोह्याला गेलेत, तिथं स्टँडवर कोणतरी म्हातारं बेवारस बसलंय म्हणून फोन आला. येतील पुढच्या गाडीनं. तवर मीच सांगतो, त्यांच्यापेक्षा बरं सांगीन — त्यांना स्वतःबद्दल धड बोलता येत न्हाई.

अहो, माणूस मूळचा कंडक्टर! एसटीचा. नाव बघा की — सटवाजी. आईनं सटवाईला नवस करून झालेलं पोरगं. हे ख्रिस्ती झाले तवा मोठ्या पाद्र्यांनी म्हणे सांगितलं, नाव बदला, शास्त्रातलं घ्या. हे म्हणले, आईचं मन मोडून कोणचा देव खूश व्हतो ते मला दाखवा. राहिलं नाव. अन् ख्रिस्ती झाले कसे? कुणी गोड बोलून न्हाई, काई न्हाई — गाडीत कोणतरी एक पुस्तक इसरून गेलं. यांनी डेपोत जमा केलं. मालक येईना. मंग जेवणाच्या सुट्टीत हेच बसायले वाचत, पानावर भाजीचं तेल सांडत — अन् एक दिवस म्हणले, हे माझंच इसरलेलं होतं. हरवलेल्या सामानात देव घावला बघा या माणसाला! अन् आश्रम बी तसाच. शेवटच्या स्टॉपला गाडी रिकामी झाली अन् मागच्या शिटावर एक म्हातारी. कुणाची? ठाऊक न्हाई. कुठं जायचं? ठाऊक न्हाई. गाडीत राहिलेलं सामान डेपोत जमा करायचा नियम हाय, म्हातारी कुठं जमा करायची? तर घरी नेली. मंग दुसरी सापडली. मंग लोक मुद्दाम यांच्याच गाडीत सोडायले लागले — वळखायचे की, हा कंडक्टर नेतो घरी. शेवटी नोकरी सोडून समोरची जागा घेतली.

अन् बाटवणार कधी हो? टाइम कुठं हाय? तिथं जन्नतबी हाय, आमच्या बाजारात बांगड्या भरायची. पहिल्या दिवशी म्हणली, "पादरी मियाँ, मेरे पाँव मग्रिब को होरे, खाट फिराव." काबा पश्चिमेला ना, तिकडं पाय कसे करायचे? या माणसानं स्वतः खाट फिरवली. मंग शेजारणीच्या तोंडावर पंखा येईना, ती भांडली — तिची बी फिरवली. एका दुपारात अख्खी खोली फिरवली! नीलाबाई, स्वयंपाक करतीय ती, म्हणली, पास्टर, सोप्पं होतं की, पंखा फिरवायचा. असला माणूस धर्म बदलायला निघंल? त्यांचा तर नियमच हाय — भुकेल्या माणसापुढं देवाचं नाव काढायचं न्हाई, तो भाकरीसाठी हो म्हणतो. म्हणून आधी जेवण, मंग प्रार्थना. अन् जेवल्यावर म्हातारी माणसं काय करतात, साहेब? झोपतात! हे आपले उभं राहून सांगून राहिले, समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या, निम्म्या घोरून राहिल्या. आमेन म्हणायच्या जागी "चला, डबल!" म्हणून जातं तोंडातून, डबल बेलची सवय. हे बी लिहा — धर्माचा प्रचार झोपेत होत न्हाई म्हणावं.

अजून पुरावा पायजे? घ्या. माझी बायको, शिवकांता, गेली. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, मांडी घालून, हातात लिंग देऊन. खड्डा तयार, स्वामी तयार, बेल-इभूत तयार, अन् पोरगा, राजशेखर, लातूरहून येईना — गाडी पंक्चर. उन्हं कलली. तिला आत धरून बसवायला माणूस पायजे, मला तर खड्ड्यात उतरवेना. भावकी एकमेकाच्या तोंडाकडं बघून राहिली. हे मागं उभे होते. चपला काढल्या, उतरले खड्ड्यात, तिच्या पाठीला खांदा लावून बसले — राजशेखर येऊन माती देईस्तोवर. स्वामी म्हणले, हे कोण? मी म्हणलं, घरचं माणूस. झालं. एक चकार शब्द काढला न्हाई येशूचा. आता सांगा, धर्म बदलणारा माणूस असला मौका सोडंल?

काय म्हणता? ... कुणाचे? ... आँ? ट्रस्टचे? मतलब — चौकशीवाले ते न्हाईच? आश्रमाला डाळ-तांदळाचे पैसे पाठवतो, पास्टरला पगार देतो, तो चर्चचाच ट्रस्ट? अहो मंग आधी बोलायचं की, साहेब! मी आपला घटकाभर तोंडाचा पट्टा सोडून... नवीन आलात व्हय ट्रस्टवर. तरीच. म्हणजे पास्टरनं बी तुमाला बघितलेलं न्हाई. थांबा, पाणी घ्या. घ्या की.

मंग तुमची तकरार काय? ... बाप्तिस्मे होत न्हाईत? ... अरे देवा. म्हणजे गाव म्हणतंय हा माणूस सगळ्यांना ख्रिस्ती करतो, अन् तुम्ही म्हणताय कुणालाच करत न्हाई? एकदा दोघं एका जागी बसा ना हो, चहा मी पाजतो! ... न्हाई, हसत न्हाई. ... बदली? पास्टरची? ... अन् त्यांच्या जागी कोण? ... कुणीच न्हाई? मंग आश्रम?

बंद.

थांबा, साहेब. ते मघाचं खोडा. मी जरा रंगवून बोललो, दुकानदाराची जीभ हाय. झोपतात म्हणलं ना? सगळे न्हाई झोपत. जन्नतबी तर जागीच असती, मधी-मधी चुका काढती. अन् मी जातो की! ... म्हणजे — कधीमधी. ... बरं, रोज. समोर कुणी ऐकत नसताना माणूस बोलून राहिला, बरं दिसतंय का? मागं बसतो. हे गावात बोलू नका, मल्लिनाथ माझी बी तकरार करंल.

अन् खड्ड्यातलं बी मी खोटं सांगितलं. म्हणजे निम्मं. चकार शब्द काढला न्हाई हे खरं, पण ओठ हलत होते. मी वरून बघून राहिलो होतो ना, साहेब. स्वामींचं मंत्र म्हणणं चाललेलं, भावकी उभी, अन् हा माणूस माझ्या बायकोला धरून खाली पुटपुटून राहिला. दिसलं फक्त मला. मी काय करायला पायजे होतं? वरडायला पायजे होतं. न्हाई वरडलो. आजपर्यंत कुणाला बोललो न्हाई, पोराला बी न्हाई. मंग एकदा इचारलं, काय म्हणत होता हो? आधी गाडीच्या टायमाचं काढलं. शेवटी म्हणले — "आप्पा, मी एवढंच म्हणलं, प्रभू, बाईचं ठिकाण आलं. संग सामान काई न्हाई. गुडघे दुखतात तिचे, हात देऊन उतरवून घे." गुडघे दुखतात तिचे! साहेब, तिचे गुडघे दुखतात हे माझ्या पोराला ठाऊक नव्हतं. ती आश्रमात भाजी निवडायला जायची, पायरीवर हे तिला रोज हात द्यायचे, त्यांना ठाऊक. मी रडलो त्या दिवशी, हितंच, या पातेल्यांमधी बसून. आता हा बाप्तिस्मा धरता का न्हाई, ते तुमचं तुम्ही बघा. मला तुमचे नियम कळत न्हाईत. पण या माणसाची श्रद्धा कमी पडती असं जर लिहिणार असाल ना — तर त्या खड्ड्यात उतरून लिहा म्हणावं.

चिडलो न्हाई हो. ... माझं काय अडलंय? कामून अडंल? माझं दुकान हाय, पोरगा हाय, सून हाय, मंजुश्री, गुणाची पोरगी हाय. लातूरला फ्लॅट हाय त्यांचा. दुकान विका अन् या म्हणतात. गेलतो की राहायला. सकाळी दोघं कामावर जातात — बाबा, आतून कडी लावा, बेल वाजली तरी उघडू नका. अहो, गिऱ्हाइकाशी हुज्जत घातल्याबिगर मला घास गिळत न्हाई! दिवसभर मी अन् फ्रिज. तो बी मधीच बोलायचा, मंग गप. आलो परत.

... ते? ते ठेवा खाली. ठेवा म्हणतोय ना. विकायचं न्हाई ते. ... हो, तसंच ताट, आश्रमातल्यासारखंच. तिथं प्रत्येकाचं ताट नाव टाकलेलं असतं, मीच टाकून देतो, हे मशीन हाय माझ्याकडं. आधी लोकांनी दान दिलेली ताटं होती, सगळ्यांवर कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ. एक म्हातारी रडायले लागली, मेलेल्याच्या ताटात जेवू का म्हणून. तवापासून पास्टरनं कायदा केला — ज्याचं ताट त्याचं नाव. पण ताट कुणाला? ज्याला दुसरीकडं कुठंच ताट न्हाई, त्यालाच. मी इचारलं. दोनदा इचारलं. न्हाई म्हणले. "आप्पा, तुमाला पोरगा हाय, तुमचं ताट लातूरला." लई हट्टी माणूस. मंग मी... मशीन माझं, ताट माझं, नाव बी माझंच — टाकलं. झिजलंय कुठं कुणाचं? आज ना उद्या हो म्हणतील. फक्त तवर आश्रम राह्यला पायजे, साहेब. पास्टर बी. दुसरा कुणी आला तर तो मला काय वळखणार.

हाव, लिहा, हे बी लिहा, मी माझ्यासाठीच बोलून राहिलो म्हणून. खरंच हाय ते.

श्श — गप. ते बघा, आले. सोबत म्हातारं बी हाय लोह्याचं, वळकटी बघा केवढी. इकडंच वळले. द्या, द्या ते ताट, कागदात घालतो — धरा आता, छातीशी धरा, नाव तुमच्या बाजूला — या, या पास्टर! लवकर आलात? ... हे? गिऱ्हाईक हाय. लातूरचे. ताट घ्यायला आलेत, बाकी काई न्हाई. ... न्हाई, आता कागद कामून सोडायचा? नाव टाकून झालंय. ... कुणाचं म्हणजे — त्यांच्याच घरातलं. इचारा की त्यांनाच. मी कामून खोटं बोलू? साहेब, सांगा पास्टरला, ताट तुमचंच हाय का न्हाई?

साहेब.

बोला की, साहेब.