एकेचाळिसावा खुनी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी प्रसिद्ध रहस्यकथाकार आणि त्यांच्या पत्नी बसल्या होत्या.

"हात गार पडलेत तुमचे."

"ऑपरेशनचं सोड. खुनी कोण? चिठ्ठी काढ!"

"घरी राहिली."

"चाळीस कादंबऱ्या सांगितल्या तुला. दर वेळी शेवटाआधी चिठ्ठीवर खुनी लिहून मोकळी! शेवट बदलून बदलून दमलो मी. तोंडी सांग."

"बरं बाबा. माळी."

"चुकलीस! अगं, धाकटी सून! सिस्टर, ऐकलंत? ही चुकली!"

"अहो, हळू! रक्तदाब वाढेल."

"वाढू दे! चला सिस्टर, आता दोन्ही डोळे करा!"

ते हसतच आत गेले. बाईंनी डोळे पुसायला रुमाल काढला, तशी एक चिठ्ठी माझ्या पायाशी पडली. 'धाकटी सून.'

"तुमची चिठ्ठी."

"फाडून टाका हो, ताई. आवाज न करता."