पालखी अक्रोडाखाली थांबली

(कुलूच्या वरच्या अंगाचं एक गाव. सकाळचं दाट धुकं. अक्रोडाच्या झाडाखाली खोल खड्डा, काठावर दोघी मैत्रिणी. खालून कुदळीचा आवाज.)

नोखी : ...आणि तेव्हापासून लुदर बोलतच नाही गं. आई हाक मारते तेव्हा येतो, सिड्डू तुपात बुडवून गपचूप खातो आणि परत या खड्ड्यात. ती दोरी धर ना जरा, टोपली येईल वर.

शुकरी : मी माहेरी आराम करायला आलेय की माती ओढायला? आणि तुझा भाऊ खणतोय काय, पुरलेलं सोनं?

नोखी : पाणी! तुला कोणी काहीच सांगितलं नाही? अगं, पावसाळ्यात डोंगर घसरला ना, त्यात आपला झरा गेला. त्याचं दगडी तोंड, वरचा कोरलेला नाग, सगळं गेलं. आता आई पार खालच्या ओढ्यावरून पाणी आणते, आणि तिचा गुडघा कसला आहे तुला माहितीये. मग सगळे म्हणाले, नागदेवालाच विचारू. पालखी काढली. मागे टुलेचाचा, ते तर काय जन्मापासून पालखीलाच आहेत, आणि पुढे कोण? आपला लुदर!

शुकरी : लुदर? त्याला तर शेळी उचलता येत नव्हती.

नोखी : म्हणून तर सगळा हिवाळा देवदाराचा ओंडका खांद्यावर घेऊन चढ चढत होता. बर्फात! एकदाच जेवायचा, जमिनीवर झोपायचा, पहाटे गार पाण्याने अंघोळ. आई म्हणाली, ओंडक्याशीच लग्न लावून टाकते तुझं. टुलेचाचा रोज शिकवायचे त्याला, खांदा पक्का ठेव पण मन सैल ठेव, देव जिकडे झुकेल तिकडे जायचं, आपला हट्ट मध्ये घालायचा नाही.

शुकरी : आमच्या सासरी म्हणतात, माणसाने काही करायचंच नसतं. देवच चालतो, माणूस नुसती खुंटी.

नोखी : मग खुंटीलाच टांगा म्हणावं पालखी. माणूस कशाला लागतो?

शुकरी : ते विचारायला मी थोरली सून नाहीये. पुढे सांग.

नोखी : पुढे ना... असंच धुकं होतं गं. ढोल वाजतोय पण दिसत नाही कुठे, जसा काही ढगातच वाजतोय. आणि पालखी डोलायला लागली. त्या लवचीक दांड्या अशा वाकतायत, चांदीचे मुखवटे मध्येच चमकतात, मध्येच पुसले जातात. मला दोघांचे पाय दिसतच नव्हते. वाटलं, देव एकटाच हवेतून चाललाय. आमच्या घराकडे वर गेली, परत खाली उतरली, परत वर, गोल फिरली, आणि इथे, या अक्रोडाखाली, वाकली ती वाकलीच. देवाचा गूर थरथरायला लागला, केस मोकळे, देव त्याच्याच तोंडून बोलतो ना, म्हणाला, इथे.

शुकरी : इथे? इथे तर कुत्रंही येत नाही.

नोखी : हेच सगळ्या बायका कुजबुजत होत्या! पण देवाने सांगितलं म्हटल्यावर अख्खं गाव खणायला आलं. आधी दगड, मग कोरडी खडी, मग परत दगड. मग देवाचा कारभारी म्हणाला, देव देईल तेव्हा देईल, आपण धूप लावू. लावला धूप आणि गेले सगळे घरी. लुदर काही गेला नाही.

शुकरी : मोठा भक्त निघाला की. अगं, ही टोपली मघापेक्षा जड आहे हां. हात तुटले माझे.

नोखी : भक्त कसला, घाबरलाय तो. जवळ ये. कोणाला सांगणार नाहीस ना? शपथ घे. मला त्याने सांगितलं, शेवटचं जे बोलला ते तेवढंच. पालखी डोलत होती तेव्हा त्याला आईचा गुडघा आठवला. आणि हिवाळाभर कमावलेला सगळा जोर लावून त्याने ती आमच्या घराकडे ओढली. म्हणाला, "देव बोललाच नाही, नोखी. मीच बोललो." म्हणून खणतोय, देव खोटा पडू नये म्हणून. आणि आज तर परत पालखी निघतेय, परत विचारायला, आणि हा म्हणे आता त्या दांडीला आयुष्यात हात लावणार नाही. बोचकं बांधलंय त्याने. भुंतरला जाऊन कुठेतरी मजुरी करणार.

शुकरी : थांब, थांब. तुमचं घर तर तिकडे वर आहे.

नोखी : हो. मग?

शुकरी : मग त्याने तिकडे ओढली तर पालखी इथे कशी आली?

नोखी : ...धुक्यात चुकला असेल.

टुलेचाचा : चुकला नाही तो.

शुकरी : अगंबाई. कोण आहे?

टुलेचाचा : मी गं, टुले. धुक्यात माणूस दिसत नाही, पण नोखीचं गुपित पार देवळाच्या पायरीपर्यंत ऐकू येतं. लुदरला न्यायला आलो होतो. ढोलवाले खोळंबलेत.

नोखी : चाचा, त्याला रागावू नका. आईसाठी केलं त्याने.

टुलेचाचा : मी रागावणार? माझं घर कुठे आहे, सांग.

नोखी : खाली. त्या कोरड्या पडलेल्या पाणचक्कीपाशी.

टुलेचाचा : माझ्या सुनेला दिवस गेलेत. पोर वर ओढत होतं, मला कळत होतं. आणि मी खाली ओढत होतो. टाचा रोवून. एवढी वर्षं सगळ्यांना शिकवत आलो मन सैल ठेवा म्हणून, आणि त्या दिवशी दात आवळून ओढली मी.

नोखी : तुम्ही?

टुलेचाचा : मीच. दोघांनी जीव तोडून ओढली. ती ना वर गेली, ना खाली.

शुकरी : मग इथे कोणी आणली, चाचा?

टुलेचाचा : ते मला विचारू नकोस, पोरी. या अक्रोडाखाली कोणाचंच घर नाही. इथे कोण कशाला ओढेल?

नोखी : म्हणजे तुम्ही दोघांनी जोर लावलाच नसता तर...

टुलेचाचा : तर कदाचित देवळाच्या दारातच डुलत बसली असती. काय माहीत. मी रात्ररात्र तेच घोळवतोय. दुसरी कुदळ आहे का इथे?

शुकरी : तिथे, मुळाशी टेकवलेली. पण चाचा, तुम्ही या वयात... आणि नोखी, हे बघ काय झालं तुझ्या गप्पांत. माझ्या अंगावरचा नवा लोकरी पट्टू त्या टोपलीने चिखलात माखला सगळा.

नोखी : शू. कुदळ थांबली.

शुकरी : कधीची.

टुलेचाचा : लुदर, ऐकलंस ना सगळं? मी येतोय खाली. तोवर देव थांबेल.

लुदर : बूट वरच काढून ठेवा, चाचा. इथे पाय भिजतायत.