पाणी लागतं

बाई : म्हणजे तुम्ही पाणी उपसायला नाही आलात?

टँकरवाला : नाही हो आजी, द्यायला. टँकर काठोकाठ भरलाय.

बाई : गुडघाभर पाण्यातून पाणी घेऊन आलात?

टँकरवाला : अर्जच तसा आहे. 'आमच्या रस्त्याला दर पावसात पाणी लागतं, त्वरित सोय करावी.' साहेब म्हणाले, लागतं तर पाठवा.

मास्तर : अहो, लागतं म्हणजे पायाला लागतं, चालताना!

बाई : जन्मभर पोरांना व्याकरण शिकवलंत.

मास्तर : मी 'रस्ता जलमय होतो' लिहिलं होतं. तूच म्हणालीस, साहेबांना कळेल असं लिहा.

बाई : मग कळलं की.

टँकरवाला : आजी, तुम्ही पायरी उतरू नका, घसराल.

बाई : उतरतेय कुठली. साखरेमुळे पायाची जखम भरत नाही. डॉक्टरांनी या पाण्यात पाऊल टाकायला बंदी केलीय. मागच्या पुरात ड्रेसिंगवाचून घरात अडकले, तेव्हापासून लेक मागे लागलीय. पाणी ओसरलं की न्यायला येतेय. रस्ता होईपर्यंत तिच्याकडे.

टँकरवाला : रस्ता होईपर्यंत? मग कायमच्याच निघालात म्हणा.

मास्तर : तुम्ही सही घ्या आणि निघा.

टँकरवाला : आणि आजोबा, तुम्ही?

बाई : लेकीकडे जास्तीची खाट एकच. शिवाय जावयाकडे राहायचं यांना पटत नाही.

टँकरवाला : बरं, येतो मी. अरेच्चा... मागचं चाक गेलं की खाली.

मास्तर : तो आमचा खड्डा. अर्जात दुसऱ्या परिच्छेदात आहे.

बाई : साहेब पहिल्यातच दमले असतील.

(टँकरवाला फोनवर बोलून परत येतो.)

टँकरवाला : साहेब स्वतः येतायत. सरकारी गाडी अडकलीय म्हटल्यावर हलले.

मास्तर : ऐकलंस? आता रस्ता होणार.

बाई : साहेब आले म्हणजे रस्ता झाला का? बॅग भरलीय मी. तुमच्या मनाला लागतं, कळतं मला.

मास्तर : तसं नाही. साहेबांचं वाचन काही अगदीच चूक नव्हतं. लागतं म्हणजे गरजही असते.

बाई : पाण्याची?

मास्तर : घरात तू लागतेस.

बाई : हे पहिल्या परिच्छेदात लिहायचं होतंत. लावा लेकीला फोन. म्हणावं, साहेब येऊन काय म्हणतात ते बघू, मग आईचं ठरवू.

मास्तर : लावतो. तू आधी पाय खाटेवर घे. पाणी उंबऱ्याला लागलंय.